तंगुसाची गाठ

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हर्णैचा एक तरुण मासेविक्रेता आपली २०१८ सालची १२५ सीसीची मोटारसायकल घेऊन दापोलीतील माझ्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात आला. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात त्याची गाडी पडवीत ताडपत्रीखाली उभी होती आणि धंदा पुन्हा सुरू झाल्यापासून तिने त्याला त्रास द्यायला सुरुवात केली होती. “काका, ब्रेक दाबला की इंजिन मरतं. सरळ रस्त्याला काही होत नाही. आसूदच्या वळणावर तीनदा बंद पडली आणि एकदा तर मागे एसटी होती,” असे त्याने सांगितले. त्याआधी दोन ठिकाणी त्याची बॅटरी, प्लग आणि सीडीआय (प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलून झाले होते, कार्बोरेटरची सेटिंग दोनदा झाली होती आणि साडेचार हजार रुपये खर्च झाले होते. कारण न शोधता सुटे भाग बदलत जाण्याची ही पद्धत आता सर्रास झाली आहे, आणि तिचा खर्च मेकॅनिक नव्हे तर गिऱ्हाईक सोसतो, याचा मला मनापासून राग येतो.

त्याच्या तक्रारीतच निदानाचा धागा होता, पण तो कोणी धरला नव्हता. ब्रेक लावल्यावर इंजिन बंद पडते म्हटले की आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) कमी आहे असे समजून कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला जातो. मी गाडी मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रलमध्ये चालू ठेवली आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर नुसता बोटाने ओढला. चाक जागेवर स्थिर होते, इंजिनवर कसलाही यांत्रिक भार पडत नव्हता, तरी आवाज खाली बसला. सोबत इंडिकेटर लावला तेव्हा त्याच्या प्रत्येक उघडझापीबरोबर इंजिन अडखळू लागले आणि काही क्षणांत बंद पडले. म्हणजे दोष ब्रेकमध्ये नव्हता आणि कार्बोरेटरमध्येही नव्हता. या गाडीत इग्निशन स्विचमधून निघणारी एकच वायर सीडीआय, ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि हॉर्न या सर्वांना वीज पुरवते, आणि तो पुरवठाच कुठेतरी आवळला गेला होता.

आधीच्या मेकॅनिकांनी ही वायर तपासली नसेल असे मला वाटत नाही. सीडीआयचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा सांधा) काढून मी मीटर लावला तेव्हा मलाही १२.४ व्होल्ट मिळाले, आणि हा आकडा पाहिला की कोणीही ती वायर निर्दोष ठरवून पुढे जाईल. मात्र डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायरीतला एखादाच तंतू शाबूत असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. विहिरीवरून पोफळीच्या बागेत नेलेल्या पाइपात कचरा अडकलेला असला, तरी तोटी बंद असेपर्यंत दाब पुरेपूर दिसतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून मी त्याच कपलरवर २१ वॅटचा बल्ब जोडला. तो तांबूस, मलूल पेटला आणि मीटरचा आकडा ७.८ वर आला. मग मीटरचे एक टोक स्विचच्या बाहेर पडणाऱ्या पिनेवर आणि दुसरे सीडीआयच्या कपलरवर ठेवले, तेव्हा वायरीच्या दोन टोकांमध्ये साडेचार व्होल्टांच्या वर फरक मिळाला. चांगल्या वायरीत तो अर्ध्या व्होल्टच्याही आत असायला हवा. अर्थची, म्हणजे वीज परत जाण्याची, बाजू स्वच्छ होती. हँडल सावकाश डावीकडे वळवले की आकडा वाढत होता, त्यामुळे दोष कोनसेटजवळ (हँडल ज्या बेअरिंगवर फिरते त्याजवळ), जिथे मेन वायरिंग हँडलबरोबर सतत वाकते तिथे, असणार हे निश्चित झाले. या सगळ्याला पंचवीस मिनिटे लागली आणि त्यासाठी एकही नवा भाग लागला नाही.

टाकी काढून मी वायरिंगवरची टेप सोडवू लागलो. बाहेरच्या टेपेखाली जुन्या टेपेचा एक वेढा लागला आणि त्याच्या टोकाला तंगुसाची, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याची, बारीक गाठ मारलेली होती. आमच्याकडच्या उन्हात आणि इंजिनच्या उष्णतेने टेपेचा गोंद वितळतो आणि टोक सुटते, म्हणून मी कित्येक वर्षे ते तंगुसाने बांधतो. दापोलीत असे करणारा दुसरा कोणी मला माहीत नाही.

ती टेप काढली तेव्हा वायरीच्या आवरणाला टाचणीएवढे भोक दिसले. दोन वर्षांपूर्वी हीच गाडी हॉर्न वाजत नाही म्हणून माझ्याकडे आली होती, आणि पुरवठा येतो का हे पाहण्यासाठी मी टेस्ट लॅम्पची (वायरीत वीज असली की पेटणाऱ्या दिव्याची) सुई तिथे टोचली असणार. आवरण चिरले तेव्हा आतले तांबे भोकापासून दोन्ही बाजूंना बोटभर लांबीपर्यंत कळकून हिरवे-काळे झालेले होते. ही गाडी रोज हर्णैच्या लिलावाला पुळणीवर उभी राहते, बर्फाच्या खोक्यातून खारट पाणी गळते आणि ओल्या हातांनी हँडल धरले जाते. एवढ्याशा भोकातून शिरलेला खारेपणा बारीक तंतूंच्या फटींमधून वातीत तेल चढावे तसा पसरत जातो, आणि वरून टेप असल्यामुळे आतली ओल सुकत नाही. टेपेने भोक बंद होते असे मी इतकी वर्षे समजत होतो.

तो तरुण माझ्या खांद्याशी उभा राहून पाहत होता. मी गप्प होतो. काय सांगायचे, सांगायचे की नाही, हे माझे अजून ठरायचे होते. त्याने कापलेले तंगूस उचलले, गाठीवरून बोट फिरवले आणि म्हणाला, “काका, ही तर तुमची गाठ.” जाळी विणणाऱ्या घरातल्या मुलाने गाठ ओळखली यात नवल नाही. मी होय म्हणालो आणि मग सगळे सांगितले. त्याने एवढेच विचारले, “म्हणजे ते साडेचार हजार उगाच गेले?” मी त्यालाही होय म्हणालो.

दुरुस्ती मी जितकी नीट करता येते तितकी केली. काळ्या पडलेल्या तंतूंवर सोल्डर धरत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी तांबे लखलखीत लागेपर्यंत वायर कापत गेलो, आणि सुमारे पंधरा सेंटिमीटर तुकडा बाहेर आला. त्याच्या जागी होड्यांसाठी मिळणारी, प्रत्येक तंतूला कलई केलेली वायर घातली. घरातले पितळी भांडे कलईने कळकण्यापासून वाचते, त्याच न्यायाने ही वायर खाऱ्या हवेत टिकते, आणि समुद्राकाठी विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ती मुळातच का नसावी हे मला कधी उमजलेले नाही. सोल्डर केलेला भाग ताठर होतो आणि वाकत राहिला तर कडेला तुटतो, म्हणून एक जोड टाकीखाली आणि दुसरा हेडलाइटच्या डोममध्ये, कोनसेटच्या वाकणापासून दूर घेतला. दोन्हींवर आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवली. बल्ब लावून पुन्हा मोजले तेव्हा फरक ०.१५ व्होल्ट आला. ब्रेक दाबून, इंडिकेटर लावून, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिले, पण इंजिनचा आवाज हलला नाही.

मजुरी मी घेतली नाही, आणि त्याचा साडेचार हजारांचा खर्च दर महिन्याच्या सर्व्हिसिंगमधून फेडायचे ठरवले. तो मान हलवून गेला. तरी त्याने गाठ ओळखली नसती तर मी काय बोललो असतो, हा प्रश्न मला सुटत नाही. नवीन टेप गुंडाळून “वायर खराब होती, बदलली” असे म्हणणे फार सोपे होते, आणि ते खोटेही ठरले नसते.

सुईचा टेस्ट लॅम्प मी आता वापरत नाही. कपलरच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने बारीक पिन सरकवून मोजतो, जरी त्याला वेळ जास्त लागतो. परत आलेल्या जुन्या गाड्यांपैकी सात गाड्यांवर मला माझी गाठ सापडली. पाच ठिकाणी तांबे स्वच्छ होते आणि दोन ठिकाणी हिरवे पडू लागले होते. त्यांतली एक गाडी रात्री-अपरात्री बाळंतपणाला धावणाऱ्या आरोग्यसेविकेची आहे. माझ्या वहीत गाडीचा नंबर, तक्रार आणि घेतलेले पैसे यांची नोंद असते, पण सुई कुठे टोचली याची एकही नोंद नाही. त्यामुळे हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइटच्या सगळ्या जुन्या नोंदी काढून मी दर रविवारी चार-पाच मालकांना फोन करून गाडी दाखवायला बोलावतो आहे.