आचाऱ्यांचे आचार्य: पाकवहीच्या एडिटरची पुढची नोंद

पाकवही म्हणजे पाककृती लिहून ठेवण्याची मी केलेली ऑनलाइन वही. तिच्या एडिटरमध्ये टंकताना कर्सर उडी मारण्याचा प्रश्न एकदाचा सुटला, असे मागील नोंदीत मी मोठ्या उत्साहाने लिहिले होते. त्यानंतर दहा दिवसही गेले नसतील, तोच मिरजेच्या मावशीचा निरोप आला: "अरे, तुझ्या वहीत आचार्य लाडू वळायला बसलेत, बघ जरा."

मावशीने ‘आचाऱ्यांना आदल्या संध्याकाळीच पाक दाखवावा’ असे वाक्य घातले होते. दुसऱ्या दिवशी पाकवही उघडली तेव्हा तेथे ‘आचार्यांना’ होते. त्याच पानावर पुऱ्यांच्या ‘पुर्या’, कैऱ्यांच्या ‘कैर्या’ आणि भाकऱ्यांच्या ‘भाकर्या’ झाल्या होत्या. पाककृतींच्या मजकुरात हा अर्धा र पावलोपावली येतो, त्यामुळे एका पानावर अशा आठ-दहा चुका दिसत होत्या आणि त्या सगळ्या मावशीच्या नावावर जमा होत होत्या.

या बिघाडाने मला विशेष छळले, कारण तो माझ्यासमोर घडायला तयार नव्हता. मी माझ्या कीबोर्डवर ‘पुऱ्या’ टंकले, सेव्ह केले, पान पुन्हा उघडले, तरी पुऱ्या शाबूत राहिल्या. मावशीने फोनवर टंकलेल्या पुऱ्याही शाबूत होत्या. मोडला होता तो तिच्या जुन्या संगणकावरच्या फाइलींमधून आणून पेस्ट केलेला मजकूर, आणि तोही पेस्ट करताना मोडत नसे; रात्री उत्तम दिसणारे पान सकाळी बिघडलेले असे. पहिला संशय फाँटवर गेला, दुसरा टिपटॅपच्या (ज्या तयार साधनावर हा एडिटर उभा आहे त्याच्या) सेटकंटेंटवर, म्हणजे एडिटरमध्ये मजकूर भरणाऱ्या आज्ञेवर, आणि दोन्ही खोटे ठरले.

मग मी शब्द उलगडून त्यातील एकेका चिन्हाचा युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक चिन्हाला असलेला ठरावीक क्रमांक) छापून पाहिला, आणि येथेच पुरता फसलो. मी टंकलेल्या ‘आचाऱ्यांना’मध्ये १० चिन्हे निघाली, मोडलेल्या ‘आचार्यांना’मध्येही १० निघाली, आणि फरक फक्त चौथ्या चिन्हात होता: माझ्याकडे ०९३१, म्हणजे ऱ, आणि मोडलेल्या शब्दात ०९३०, म्हणजे साधा र. युनिकोडच्या नियमांनुसार ऱ या अक्षराची फोड ‘र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब)’ अशी होते, त्यामुळे कोणीतरी आधी ती फोड करून नंतर नुक्ता खात आहे, असा माझा पक्का समज झाला. सर्व्हरवरील नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे), डेटाबेसचे कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचे नियम), शोधासाठी लिहिलेले जुने फंक्शन, असे सगळे धुंडाळण्यात तीन संध्याकाळी गेल्या. नुक्ता खाणारा कोणीच सापडला नाही, कारण त्या शब्दात नुक्ता कधी नव्हताच.

धागा मिळाला तो मावशीच्याच दुसऱ्या तक्रारीतून. पाककृतीखाली तिने आई, बाबा आणि मुलगी असे एकत्र कुटुंबाचे इमोजी टाकले होते आणि सकाळी त्यातील तिघे सुटे होऊन एकापुढे एक उभे होते. "आचार्य आले आणि घरात वाटण्या झाल्या," असे तिचे म्हणणे. हे कुटुंब तीन स्वतंत्र चित्रांचे असते आणि त्यांना जोडून ठेवणारे अदृश्य चिन्ह म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, युनिकोडमधील २००डी. जुन्या फाइलींमध्ये ऱ हे अक्षर वापरलेलेच नव्हते. तेथे ‘ऱ्य’ लिहिताना साधा र, हलन्त, मग हाच जॉइनर आणि नंतर य अशी रचना होती. मूळ फाइलीतील ‘आचाऱ्यांना’ ११ चिन्हांचे होते. त्यातला जॉइनर गळला की उरलेल्या र, हलन्त आणि य यांचा रफार होणारच, आणि उरतात नेमकी १० चिन्हे. सेव्ह होण्यापूर्वीची मूळ फाइल मी तपासलीच नव्हती. दोन वेगळ्या मार्गांनी लिहिलेल्या शब्दांची तुलना करत बसलो होतो.

पुढचे शोधायला पाच मिनिटेही लागली नाहीत. ऑटोसेव्हच्या वाटेवर माझेच एक सफाईचे फंक्शन होते आणि त्यात २००बी ते २००डी आणि एफईएफएफ ही सर्व चिन्हे सरसकट पुसणारा एक ओळीचा रेजेक्स, म्हणजे मजकुरातील नमुना शोधणारे सूत्र, होता. टिपटॅपच्या आधी मी वापरत असलेला क्विल हा एडिटर कर्सरसाठी एफईएफएफ हे अदृश्य चिन्ह वापरतो, म्हणून क्विल वापरत असताना मी तो कोठूनतरी उचलून चिकटवला होता. टिपटॅपवर आल्यावर त्याची गरज संपली, फंक्शन मात्र राहिले. त्यातील २००बी म्हणजे रुंदी नसलेली मोकळी जागा. ती पुसणे योग्यच. पण तिच्या शेजारचा नॉन-जॉइनर, म्हणजे २००सी, आणि जॉइनर ही देवनागरीची कामाची चिन्हे आहेत. ही ओळ जावास्क्रिप्टच्या किती तरी प्रकल्पांत जशीच्या तशी आढळते, तेव्हा आपापल्या कोडमध्ये ती एकदा शोधून पाहावी, ही विनंती.

याहून बोचरी गोष्ट वेगळीच आहे. पूर्वी प्रत्येक ऑटोसेव्हनंतर सर्व्हरचे उत्तर यूजइफेक्ट या रिअॅक्टमधल्या फंक्शनमधून पुन्हा एडिटरमध्ये भरले जाई, आणि कर्सर उडे तो त्यामुळेच. ते भरणे थांबवले म्हणून मी मागील नोंदीत स्वतःची पाठ थोपटून घेतली. ते चालू असते, तर पुसलेला मजकूर त्याच क्षणी पडद्यावर दिसला असता. माझ्या दुरुस्तीने चोराला रात्रभर लपायला जागा दिली.

रेजेक्समधून दोन चिन्हे काढली आणि नवीन मजकूर मोडणे थांबले. मग मला हुरूप आला आणि जॉइनरवाली रचना दिसली की तिचे लगेच ऱ मध्ये रूपांतर करावे, असे वाटले. मराठीत हा र य आणि ह यांच्या आधीच येत असल्याने नियम सोपा होता. त्यासाठी टिपटॅप ज्यावर बांधलेला आहे त्या प्रोझमिररच्या अपेंडट्रँझॅक्शनमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलामागोमाग आणखी बदल जोडता येतो त्या जागी, दहा ओळी लिहिल्या. संगणकावर त्या चालल्या. फोनवर मात्र कीबोर्ड शब्द जुळवत असतानाच खालचा मजकूर बदलल्याने अक्षरे दुप्पट उमटू लागली. टंकन जुळणीच्या अवस्थेत असताना त्या मजकुराला हात लावायचा नसतो, हा पहिल्या नोंदीतला धडा मी पुन्हा गिरवला. टिपटॅपवर काम करणाऱ्यांनी प्रोझमिररचे मूळ मार्गदर्शक एकदा तरी सलग वाचावे, असे माझे मत आहे. टिपटॅपमुळे सुरुवात झटपट होते, पण अडले की उत्तर खालच्या मजल्यावरच मिळते.

रूपांतर सेव्हच्या वेळी करावे, असे ठरवून मी ही नोंद लिहायला बसलो होतो. लिहिता लिहिता तेही पटेनासे झाले आहे. सफाई हवी आहे ती शोधासाठी, मग मूळ मजकुराला हात लावायचाच कशाला? एडिटर देतो तो मजकूर जसाच्या तसा ठेवावा आणि शोधासाठी एक वेगळी प्रत करून तिच्यात हवी तेवढी झाडलोट करावी: ऱ चा र करावा, अदृश्य चिन्हे काढावीत, आणि ‘ॲ’ हे एकच अक्षर व ‘अ’वर चंद्र देऊन केलेले अक्षर एकरूप करावे, कारण ही दोन रूपे एनएफसीने, म्हणजे युनिकोडच्या प्रमाण नॉर्मलायझेशनने, एक होत नाहीत. नोंद अर्धवट ठेवून मी आत्ताच हे करून पाहिले. ‘पुऱ्या’ शोधल्यावर नीट लिहिलेल्या पुऱ्या मिळाल्या आणि मोडलेल्या ‘पुर्या’सुद्धा मिळाल्या. या आठवड्यातला निखळ आनंद एवढाच.

मोडलेल्या २३ पाककृतींचे काम सरळ नाही. सरसकट ‘र्य’चा ‘ऱ्य’ केला तर ‘गुळाला पर्याय’ बिघडतो, म्हणून ठरावीक शब्दांची यादी केली. त्यातही जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधील शब्दसीमेचे चिन्ह देवनागरीला ओळखत नाही, त्यामुळे मी सुरुवातीला सीमा न पाहताच ‘चार्यां’ बदलत होतो. प्रत्यक्ष बदल न करता घेतलेल्या कोरड्या चाचणीत ‘प्राचार्यांच्या घरची पुरणपोळी’ थेट ‘प्राचाऱ्यांच्या’ घरी गेली. आता शब्दाच्या आधी आणि नंतर अक्षर किंवा मात्रा नाही ना, हे युनिकोडच्या गुणधर्मांवरून तपासतो. १९ पाककृती अशा दुरुस्त झाल्या.

पाककृतीच्या शीर्षकाची अक्षरमोजणी आता जावास्क्रिप्टमधल्या इंटलच्या (Intl) सेगमेंटरवर, म्हणजे मजकुराचे दिसणाऱ्या अक्षरांत तुकडे करणाऱ्या साधनावर, आहे. ‘स्त्री’ हा शब्द सहाऐवजी एक मोजला जातो, मात्र सप्टेंबर २०२३ मधील युनिकोड १५.१ च्या आधीचे नियम असलेल्या ब्राउझरवर तो तीन भरतो.

उरलेल्या चार पाककृतींत ‘आचार्य’ खरे की खोटे, हे मावशीलाच विचारावे लागेल. रविवारी फोन करणार आहे.