बंद रुग्णालयाच्या जमिनीची तपासणी : माझा अनुभव

आमची घरं जिथे होणार होती ती जागा रुग्णालयाची होती, कारखान्याची नव्हती. त्यामुळे आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या समितीत बहुतेकांचं म्हणणं होतं की, माती तपासायची ती पाया किती खोल घ्यायचा एवढं ठरवण्यापुरती. तिथे माणसं बरी होत होती, रसायनं बनत नव्हती, मग जमिनीत वाईट काय असणार? सचिव म्हणून कागदपत्रं माझ्याकडे होती. ती वाचता वाचता मला हे म्हणणं पटेनासं झालं आणि मी पर्यावरणीय तपासणीचा आग्रह धरला.

जुनं मोठं रुग्णालय म्हणजे एक स्वयंपूर्ण गावच असतं. बॉयलर त्याचा, धोबीखाना त्याचा, ट्रान्सफॉर्मर, कचरा जाळायची भट्टी, प्रयोगशाळा, वाहनांचं गॅरेज, जमिनीखालची तेलाची टाकी, सगळं आवारातच. कोळशाच्या राखेत आर्सेनिक आणि इतर जड धातू राहतात. प्रयोगशाळेच्या बेसिनखालच्या वळणदार पाइपात फुटलेल्या थर्मामीटरचा पारा साचतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं. गरम पाण्याच्या नळांवरचं आवरण बहुधा ॲस्बेस्टॉसचं. यातलं काहीच वरून दिसत नाही. त्यावर गवत उगवलेलं असतं.

समितीत मी लव्ह कॅनॉलचं उदाहरण दिलं. अमेरिकेत नायगारा फॉल्स इथे एका रासायनिक कंपनीने कचरा पुरलेली जमीन १९५३ साली शाळा मंडळाला अवघ्या एका डॉलरला दिली. तिच्यावर शाळा झाली, भोवती घरं झाली. १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. दूषित जमिनीच्या सफाईचा अमेरिकेचा १९८० चा कायदा त्यानंतरच आला. जमीन घेण्याआधी तिचा इतिहास तपासायची पद्धत पुढे या कायद्यामुळेच रुळली.

तपासणीच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे फेज वनमध्ये, मातीला हातही लावत नाहीत. जुने नकाशे, बांधकाम परवानग्या, खरेदीच्या नोंदवह्या, वेगवेगळ्या दशकांतले हवाई फोटो पाहायचे, जागेवरून फिरायचं आणि तिथे काम केलेल्या माणसांशी बोलायचं. नमुन्यांसाठी जमिनीत बोअर मारण्याची घाई झालेल्यांना हा टप्पा कागदी वाटतो. माझं मत उलट आहे. बोअर कुठे मारायचा हे इथेच ठरतं, आणि चुकीच्या जागी मारलेला बोअर स्वच्छ निघाला की सगळे निर्धास्त होतात, तेच जास्त धोक्याचं.

हवाई फोटोंत बॉयलरच्या मागे एक काळपट पट्टा दिसत होता. पुढच्या फोटोत तिथे सपाट मैदान. त्याचा उलगडा निवृत्त बॉयलरवाल्या काकांनी केला. "ताई, राख लांब कोण नेणार? मागचा खड्डा भरेपर्यंत तिथेच ओतली. मग वर चांगली माती टाकली आणि नर्सिंगच्या मुली तिथे खेळायला लागल्या." मी उठणार तेवढ्यात ते म्हणाले, "आणि ब्लँकेटं धुवायचं मशीन कुठे होतं ते पाहिलंत का? त्याला पाणी लागायचं नाही, औषध लागायचं. वास डोक्यात जायचा. घाण झालेलं औषध मागच्या गटारात सोडायचे."

आमच्याकडच्या नकाशात धोबीखान्याच्या त्या खोलीवर 'कोठार' लिहिलं होतं. सल्लागाराला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. ते औषध म्हणजे ड्राय क्लीनिंगचं द्रावक, परक्लोरोइथिलीन, असणार होतं. ते पाण्याच्या सुमारे १.६ पट जड असतं. त्यामुळे तेलासारखं भूजलावर तरंगत नाही, खाली उतरत जातं आणि खालच्या घट्ट थरावर साचून वर्षानुवर्षं पाण्यात विरघळत राहतं. त्याची वाफ मातीतून वर येते आणि फरशीच्या भेगांतून घरात शिरते. नियोजित आराखड्यात त्याच जागी पाळणाघर होतं. काकांकडे गेलो नसतो तर त्या खोलीजवळ एकही बोअर झाला नसता.

फेज टूमध्ये प्रत्यक्ष नमुने घेतात. राखेच्या भरावात, प्रयोगशाळेच्या सांडपाण्याच्या वाटेवर, तेलाच्या टाकीशी, धोबीखान्यामागे बोअर झाले. जुन्या भिंतींच्या पायथ्याची वरवरची मातीही घेतली, कारण शिशाचा रंग पोपडे होऊन तिथेच पडतो. शिवाय आवारातल्या न वापरलेल्या कोपऱ्यातली माती घेतली. तिथल्या मातीत निसर्गतःच किती आर्सेनिक आहे हे कळल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ येत नाही. भूजलासाठी निरीक्षण विहिरी किमान तीन लागतात आणि त्या एका रेषेत असून चालत नाहीत. तीन ठिकाणची पातळी मोजली की पाणी कोणत्या दिशेने वाहतं ते काढता येतं.

नमुने घेताना मी शेजारी उभी राहिले, आणि ज्यांना जमेल त्यांनी उभं राहावंच. उडून जाणाऱ्या रसायनांसाठी पाण्याची कुपी काठोकाठ भरतात, आत हवेचा बुडबुडा राहू देत नाहीत. नमुने बर्फात ठेवून ४ अंशांच्या आसपास नेतात. सोबत शुद्ध पाण्याची एक बंद कुपी लॅबपासून जागेपर्यंत आणि परत प्रवास करते. तिच्यात रसायन सापडलं, तर ते वाटेत शिरलेलं असण्याची शंका घ्यावी लागते. नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याच्या कागदावर प्रत्येक टप्प्याला सही होते.

खरा वाद झाला तो मिश्र नमुन्यांवरून. विकसकाच्या इंजिनिअरचं म्हणणं होतं की, पाच जागांची माती एकत्र करून एकच चाचणी करू, खर्च वाचेल. मी फळ्यावर हिशेब मांडला. चार जागी शिसं किलोमागे ५० मिलिग्रॅम आणि पाचव्या जागी १५०० असेल, तर सरासरी येते ३४०. निवासी मातीसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची पडताळणी पातळी, म्हणजे जिच्या वर गेलं की आणखी तपास करायचा ती, बरीच वर्षं ४०० होती. तिच्यात हा नमुना पास होतो. २०२४ मध्ये तीच पातळी २०० वर आणली, तिच्यात नापास होतो. पण पातळी कोणतीही धरा, १५०० ची जागा सरासरीत दडून राहते आणि खेळणारं मूल नेमकं तिथेच बसू शकतं. अखेर संशयाच्या जागांचे नमुने वेगळे ठेवायचं ठरलं.

निकष निवासी धरायचे की औद्योगिक, हेही आधीच लिहून घ्यावं लागतं. कारखान्यात प्रौढ माणूस कामाचे तास भरून घरी जातो. घरात लहान मूल दिवसभर असतं आणि मातीचे हात तोंडात घालतं. म्हणून निवासी पातळ्या कडक असतात.

अहवालात राख, भिंतीलगतचं शिसं, पाइपांतला पारा आणि धोबीखान्यामागचं द्रावक, सगळं निघालं. पहिले तीन प्रश्न तुलनेने सरळ होते. ॲस्बेस्टॉस आणि पाऱ्याचे पाइप पाडकामाआधी प्रशिक्षित लोकांकडून काढून घेतले. राख आणि भिंतीलगतची माती उचलली, खड्ड्याच्या तळाचे आणि बाजूंचे नमुने पुन्हा तपासले आणि ते निकषात बसल्यावरच भराव टाकू दिला. द्रावकाचं तसं नाही. मातीतली वाफ पंपाने ओढून घेण्याची यंत्रणा बसवली, पण भूजल साफ व्हायला फार काळ लागतो. पाळणाघर दुसऱ्या टोकाला नेलं, त्या जागी वाहनतळ आला, आणि जवळच्या इमारतीच्या फरशीखाली वाफरोधक पडदा व हवा बाहेर काढणारे पाइप घातले.

त्या आवारात बोअरवेल घेऊ नये ही अट प्रत्येक सदनिकेच्या करारात घालायला काही सभासदांचा विरोध होता, भाव पडतील म्हणून. मी मागे हटले नाही. जो तिथे राहायला येणार आहे, त्याला पायाखाली काय आहे ते कळायलाच हवं. अट करारात गेली आणि नमुन्यांच्या जागा दाखवणारा नकाशा तिला जोडला. निरीक्षण विहिरी बुजवलेल्या नाहीत. वाहनतळाच्या आखणीत त्यांच्यासाठी जागा सोडली आहे, झाकणांना कुलपं आहेत, आणि पाण्याच्या तपासणीचा खर्च संस्थेच्या वार्षिक अंदाजपत्रकात धरला आहे.