आधी आभार, मग तक्रार

महोत्सवी अंकासाठी आठवणी पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि दोन दिवस मला दुसरं काही सुचेना. इमारतीबद्दल, मैदानाबद्दल, स्नेहसंमेलनांबद्दल बाकीच्या जणी लिहितीलच. माझ्यापुरती शाळा म्हणजे बाई. कोणत्या बाई, हे त्या वर्षांतल्या बोर्डिंगच्या मुलींना सांगायला नको.

बाई आम्हाला पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा तास घ्यायच्या. बायबलातली प्रेषित पौलाची पत्रं शिकवताना त्यांनी एक गोष्ट आमच्याकडून पक्की घोटून घेतली होती. "पत्र उघडलं की पहिलं काय?" आम्ही एका सुरात ओरडायचो, "सलाम!" "मग?" "उपकारस्तुती!" करिंथ शहरातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांत, तट पडले होते, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. पौलाला त्यांना रागवायचंच होतं, पण त्याआधी तो त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानतो. फिलिप्पैच्या लोकांना तर बंदिवासातून लिहितो आणि आरंभीच म्हणतो की तुमची आठवण झाली की मी आभार मानतो. गलतीकरांच्या पत्रात मात्र आभार नाहीत, तो एकदम विषयाला हात घालतो. बाई म्हणायच्या, "बघा, किती दुखावला असेल तो."

यावरून बोर्डिंगात बाईंचा नियम झाला होता. कुणाची तक्रार घेऊन आलात तर आधी तिच्याबद्दलचे आभार सांगायचे, मग तक्रार.

माझ्या शेजारच्या खाटेवर होती ती बिदरकडची. घरी कन्नड, मराठी शिकली ती सोलापुरात मामाकडे येऊन. मामा गिरणीत होते. ती मेथडिस्ट पंथाच्या घरातली आणि आमची अमेरिकन मराठी मिशनची जुनी मंडळी. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे एकच चर्च झालं. आमची मंडळी त्यात गेली, तिची ऐनवेळी बाहेर राहिली. मोठ्यांचं बोलणं ऐकून आम्ही मुलीही त्यावरून भांडायचो. कशावर भांडतोय हे आम्हाला धड कळत नव्हतं, पण भांडायचो. बाई एवढंच म्हणाल्या, "नागपूरचं नागपूरला. या खोलीतलं ऐक्य तुमच्याकडे आहे."

मग आला 1972 चा दुष्काळ. आडाचं पाणी तळाला गेलं, बादल्या मोजून मिळायच्या, ताटात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी. खेड्यांतून आलेली कुटुंबं कुंपणाबाहेरच्या मोकळ्या जागेत उघड्यावर पडलेली असायची. त्या डिसेंबरात एका रात्री मी प्रार्थनेहून खोलीवर आले तर माझ्या खाटेवरची चादर नाही. मोराच्या नक्षीची, वडिलांनी चाटी गल्लीतून घेतलेली नवी चादर. प्राथमिक शिक्षकाच्या पगारात ती काय पडली असेल, हे मला आज कळतं. ती माझ्या या शेजारणीनं कुंपणावरून बाहेरच्या एका बाईला दिली होती, कडेवरच्या तापलेल्या पोरासाठी.

मी रडत बाईंकडे गेले. त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "आधी आभार."

मला काही बोलवेना. बाई थांबल्या. मग मी सुरू केलं. ती माझी वेणी घालते. मला कावीळ झाली तेव्हा पंधरा दिवस तिनंच माझी ताटली घासली. गणितं अडली की जागते. आई आठवली की माझ्या हातात हात देऊन झोपते. बोलता बोलता मला नवीनच रडू आलं.

"आता तक्रार सांग," बाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं, आता त्या म्हणतील की जाऊ दे, दानच केलं ना. तसं झालं नाही. बाईंनी तक्रार पूर्ण ऐकली, तिला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर सांगितलं, "तू प्रीती केलीस, पण दुसरीच्या चादरीनं केलीस. प्रीती आपल्या अंगावरचं काढून करायची असते." ती काही बोलली नाही. खोलीवर गेली आणि स्वतःची जुनी, विटकी चादर माझ्या खाटेवर ठेवून उघडीच निजली. मध्यरात्री मी खाट तिच्या खाटेला लावली. तो हिवाळा आम्ही एका चादरीत काढला.

योहानाच्या तेराव्या अध्यायातली, एकमेकांवर प्रीती करा ही नवी आज्ञा मला तोंडपाठ होती, पण ती कळली त्या हिवाळ्यात. मी बाईंना हे कधी सांगितलं नाही. त्या गेल्या तेव्हा मी रात्रपाळीवर होते, मातीलाही पोचता आलं नाही. ती रुखरुख आहेच.

1975 ला अकरावी झाल्यावर मी कुर्डुवाडीहून छोट्या गाडीनं मिरजेला गेले, वानलेस हॉस्पिटलात नर्सिंग शिकले आणि पुढे वेगवेगळ्या दवाखान्यांत मिळून अडतीस वर्षं नोकरी केली. वॉर्ड सिस्टर झाले, नंतर मेट्रन. हाताखालच्या मुली एकमेकींच्या तक्रारी घेऊन यायच्या तेव्हा तोंडून तेच निघायचं, आधी आभार. किती जणी तिथंच रडल्या.

मागच्या वर्षी सोलापुरात येऊन गेले. गिरण्यांचे भोंगे नाहीत, त्या भोंग्यांवर आमची सकाळ चालायची. आता मंडळीतल्या बहिणी रोज फोनवर फुलांच्या चित्रावर वचन पाठवतात. त्यांची माया खोटी नाही, पण आजारपणात ताटली घासायला कोण येतं, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

बिदरकडची माझी मैत्रीण आता हैदराबादला मुलाकडे असते. दर रविवारी उपासनेनंतर आमचा फोन होतो, पहिला शब्द सलाम. तिची मंडळी अजून वेगळी आहे, माझी वेगळी. माझे यजमान गेले तेव्हा ती रात्रीच्या गाडीनं आली आणि महिनाभर राहिली.

हा लेख लिहायच्या आधी मी तिला विचारलं, चादरीचं लिहू का? खूप वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, "लिही. पण ते पोर त्या रात्री शांत झोपलं, मी कुंपणापाशी जाऊन बघून आले होते, तेवढं लिही."