स्मोकचा सराव थांबवून आधी खाती तपासली

या आठवड्यात काउंटर-स्ट्राइक २ या गेममधल्या मिराज नकाशावरचे स्मोक, म्हणजे धुराचे बॉम्ब टाकायचा सराव, बाजूला ठेवून फोंड्याच्या आमच्या अख्ख्या टीमची स्टीम खाती (ज्यांवरून हा गेम खेळतो) तपासायला घेतली. कारण डिचोलीचा आमचा एडब्ल्यूपीवाला, म्हणजे गेममध्ये स्नायपर रायफल चालवणारा. ओळखीच्या मित्राच्या नावाने त्याला मेसेज आला, "आमच्या टीमला एक मत दे ना रे." त्या मित्राचं खातं आधीच चोरांच्या हातात गेलं होतं. मेसेजमधल्या लिंकवरच्या नकली स्टीम पानावर ह्याने लॉगिन केलं, मग ह्याचंही गेलं.

"स्टीम गार्ड होतं की रे!" सगळे हेच म्हणत होते. स्टीम गार्डचा, म्हणजे पासवर्डनंतर लागणारा, ॲपमधला ५ अक्षरी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो खरा, पण नकली पानावर तो टाकला की चोराची स्क्रिप्ट त्याच क्षणी खऱ्या स्टीमवर लॉगिन करून मोकळी होते. कोडवर विसंबून राहण्याची ही सवयच मला सगळ्यात धोक्याची वाटते.

अशा पानावर लॉगिनची खिडकी वेगळी उघडल्यासारखी दिसते. वर कुलूप, पत्ताही बरोबर. पण माउसने ओढून पाहा, ब्राउझरच्या कडेशी अडकते, बाहेर येतच नाही. ती पानावरच रंगवलेली असते. पासवर्ड मॅनेजरही तिथे आपणहून काही भरत नाही, कारण त्याला पानाचा खरा पत्ता दिसतो.

दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून त्याची सगळी डिव्हाइसेस लॉगआउट केली, स्टीमचा आणि ईमेलचा पासवर्ड बदलला. एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. चोर मात्र खात्यावर वेब एपीआय की (प्रोग्रामला खात्यापर्यंत पोहोचू देणारी किल्ली) काढून ठेवतो, तिच्यावरून ट्रेडवर, म्हणजे गेममधल्या वस्तूंच्या देवाणघेवाणीवर, नजर ठेवतो. आपली खरी ऑफर रद्द होते आणि त्याच नावाच्या, त्याच फोटोच्या बॉटची (चोराच्या आपोआप चालणाऱ्या खात्याची) समोर येते. म्हणून की रद्द केलीच, शिवाय ट्रेड कन्फर्म करण्याआधी समोरच्याची लेव्हल आणि खात्याची तारीख बघायचा नियम केला.

आमच्या एडब्ल्यूपीवाल्याचा चोरीला गेलेला गेममधला चाकू परत आला, याचा फार आनंद आहे. जुलै २०२५ पासून काउंटर-स्ट्राइक २ मधले ट्रेड ७ दिवसांच्या आत मागे घेता येतात. मात्र त्या मुदतीतले सगळेच उलटतात आणि पुढे ३० दिवस ट्रेडिंग बंद राहतं. ते परवडलं.

म्हापशाच्या कॅफेत आता कुणी पासवर्ड टाइप करत नाही. स्टीमच्या प्रोग्राममधला क्यूआर ॲपने स्कॅन करायचा, उठताना लॉगआउट. ब्राउझरमधल्या पानावरचा क्यूआर कुणी स्कॅन करायचा नाही. दोघांच्या ईमेलचे पासवर्ड अजून जुनेच आहेत, ते रविवारी सरावाआधी बदलून घेतो.