तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाला हाताची सवय लागते का?

"रडलं की लगेच उचलता, मग हाताची सवय लागते. खरं ना?" सून विचारते तेव्हा तिला माझ्याकडून 'नाही' ऐकायचं असतं, सासूबाई विचारतात तेव्हा 'हो'. दोघी समोरासमोर असल्या तर बाळ बाजूलाच राहतं आणि मी कुणाच्या बाजूची, एवढंच पाहिलं जातं. बालविकास हा माझा विषय आहे, घरगुती न्यायनिवाडा नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी सासूबाईंच्या बाजूचं, कारण ते आजकाल कुणी सांगत नाही. तान्ह्या बाळाला काही कळत नाही, मग सवय कसली, हा युक्तिवाद टिकत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोवी-कॉलियर यांनी बाळाच्या पायाला रिबीन बांधून तिचं दुसरं टोक वर टांगलेल्या खेळण्याला जोडलं. पाय झाडला की खेळणं हलतं, हे दोन-तीन महिन्यांच्या बाळांना काही मिनिटांत उमगलं. तीन महिन्यांच्या बाळांच्या ते आठवडाभर लक्षातही राहिलं. तेव्हा 'रडलं की कुणीतरी येतं' हेही बाळ शिकणारच. पण ते शिकलेलं बाळ पुढे जास्त रडतं की कमी, भांडण खरं तिथे आहे.

आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ यांनी २६ बाळांची वर्षभर नोंद ठेवली. निरीक्षक दर तीन आठवड्यांनी घरी जाऊन सुमारे चार तास बसत: बाळ किती वेळा रडलं, आई किती वेळाने आली, उचललं की नुसतं बोलली. १९७२ मध्ये निष्कर्ष छापून आले. सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या आया चटकन धावल्या, ती बाळं वर्षाअखेरीस कमी रडत होती आणि हातवारे, आवाज, चेहरा यांतून जास्त सांगत होती. बक्षीस दिलं की वागणं वाढतं, या तेव्हाच्या ठाम समजुतीला हा सरळ धक्का होता. बाळाला उचला असं सांगणारे लेख आजही याच अभ्यासावर उभे असतात, आणि बहुतेक तिथेच थांबतात.

१९७७ मध्ये गेवर्ट्झ आणि बॉइड या संशोधकांनी बाल्टिमोरच्या आकडेमोडीवरच बोट ठेवलं. शिवाय एक साधी शंका उरतेच. जे बाळ मुळातच फार रडतं, त्याची आई दमते आणि उशिरा उठते. मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या हबर्ड आणि व्हॅन आयझेनडूर्न यांनी ५० बाळांचा पहिल्या नऊ महिन्यांचा अभ्यास मांडला. त्यात उलटंच दिसलं. सुरुवातीच्या आठवड्यांत ज्यांच्या रडण्याकडे जास्त वेळा दुर्लक्ष झालं, ती बाळं पुढच्या टप्प्यात थोडी कमी वेळा रडली. त्यांनी त्याचा अर्थ 'रडू द्या' असा लावला नाही. किरकिर वेगळी आणि जिवाच्या आकांताने रडणं वेगळं, किरकिरीला थोडी उसंत दिली तर बाळ कधी कधी आपलं आपण सावरतं, असं त्यांचं म्हणणं.

काही वर्षांपूर्वी तुम्ही विचारलं असतंत तर मी बाल्टिमोरचं नाव घेऊन एका वाक्यात विषय संपवला असता. आज ते वाक्य जिभेवर येत नाही. पण तेव्हाची मी आजच्या मला विचारते, 'उसंत द्या' हे नेमकं कोण ऐकणार? ज्या घरात आधीच तासभर रडू देतात, तेच ना? याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

रडण्याचं वेळापत्रक मात्र तुमच्या उचलण्या-न उचलण्यावर फारसं अवलंबून नसतं. दुसऱ्या आठवड्यापासून ते वाढतं, साधारण सहाव्या आठवड्याला शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. पहिले सहा आठवडे दिवसाला दोन तासांच्या आसपास, बारा आठवड्यांपर्यंत सव्वा तासाच्या आत. हा जोर बहुतेक संध्याकाळी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आठवडे जन्मापासून नव्हे, डॉक्टरांनी दिलेल्या मूळच्या तारखेपासून मोजा. आता आपल्याकडचा हिशोब बघा. सव्वा महिना संपतो, पाहुणे यायला लागतात आणि नेमकं तेव्हाच बाळ दिवेलागणीला आकांत मांडतं. मीठ-मोहरी उतरवली जाते. तिसऱ्या महिन्यात बाळंतीण सासरी येते आणि रडणं आपोआप उतरणीला लागतं. मग 'माहेरी लाडावलं होतं, इथे शिस्त लागली' हे ठरलेलंच. आईच्या आईने यात काहीच केलेलं नसतं, सासूबाईंनीही नाही.

मग उचलायचं की नाही? पहिले तीन-चार महिने उचला. नुसती किरकिर असेल तर आधी अर्धा-एक मिनिट बोला, छातीवर हात ठेवा. सूर चढला तर थांबू नका. मॉन्ट्रियलच्या हंझिकर आणि बार यांच्या १९८६ च्या प्रयोगात आयांना तिसऱ्या आठवड्यापासून बाळाला रोज निदान तीन तास अंगावर घ्यायला सांगितलं, रडत नसतानाही. सहाव्या आठवड्याला त्यांची बाळं ४३ टक्के कमी रडली. मात्र लंडनमधल्या अशाच प्रयोगात तेवढा फरक पडला नाही, आणि अतोनात रडणं सुरू झाल्यावर हाच उपाय करून पाहिला तेव्हाही नाही. म्हणजे खात्रीचा इलाज नाही, पण नुकसानही नाही. हे काम बाबांनाही जमतं, त्याला दूध लागत नाही.

'खाली ठेवलं की जागं होतं' ही तक्रार वेगळी. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये अशा वेळी बाळाच्या हृदयाचे ठोके मोजले. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं एका चालीने, न थांबता चाला. झोपलं की लगेच ठेवू नका, पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसा. बाळ चाळवतं ते पाठ गादीला टेकताना नव्हे, तुमच्या अंगापासून सुटताना.

दोन गोष्टींत मात्र मतभेद चालवून घेणार नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, दूध न पिणं, एरवीपेक्षा वेगळंच किंचाळणं: दवाखाना गाठा, ग्राइप वॉटर शोधत बसू नका. आणि तुमचाच तोल जायला लागला तर बाळाला पाठीवर, सुरक्षित जागी ठेवून पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. बाळाला गदागदा हलवणं जिवावर बेततं. पाच मिनिटं रडल्याने काही होत नाही.

आठव्या महिन्याच्या सुमाराला आई नजरेआड झाली की बाळ हंबरडा फोडतं. 'बघ, लागली ना सवय!' नाही, सासूबाई, इथे मी ठाम आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे रडणं बोस्टन, ग्वाटेमाला, कालाहारी अशा अगदी निरनिराळ्या संगोपनातल्या मुलांत जवळपास त्याच वयात वाढताना आणि वर्ष उलटल्यावर कळसाला पोचताना दिसलं. न दिसणारी आई कुठेतरी आहे, हे आता बाळाला कळतं, पण ती परत येईल याचा भरवसा अजून नसतो. अशा वेळी त्याचा डोळा चुकवून मागच्या दाराने सटकू नका. सांगून, हात हलवून जा. रडेल, पण सांगूनच जा.