सही उद्या करायची होती

गणपती झाले की ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या प्रकाशनाच्या ऑफिसात दिवाळी अंकाचं काम अंगावर येतं. टेबलावर प्रुफं, खुर्चीवर प्रुफं, चित्रकाराचे फोन, न आलेल्या जाहिराती. त्या दिवसांत मी नवीन हस्तलिखित हातात घेत नाही, ‘दिवाळीनंतर या’ म्हणते. पण त्या दुपारी आलेल्या गृहस्थांनी पिशवीतून आधी हस्तलिखित काढलंच नाही. करार काढला.

‘मॅडम, उद्या सही करायची आहे. पुस्तकाच्या धंद्यातल्या कुणीतरी एकदा नजर टाकावी, एवढंच काम आहे.’

वय साठीच्या पुढचं. नेरूळहून ट्रान्स-हार्बर लोकलनं आले होते. टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून नोकरी झालेली, आईवडील मिठागरावर राबलेले. सोबत मुलगी होती. वडिलांनी भरलेल्या वह्या तिनं कामावरून आल्यावर रात्री जागून मोबाइलवर टाइप केल्या होत्या. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करता करता त्यांना आमचा पत्ता मिळाला होता. ती संस्था १८९३ सालची. पुस्तक काढायचं म्हटलं की इकडची माणसं अजूनही आधी तिथेच विचारतात.

करार चार पानी होता. ५०० प्रती, त्यासाठी लेखकानं भरायचे ८५ हजार रुपये. पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचे, म्हणजे आयएसबीएनचे, वेगळे चार हजार. मुखपृष्ठ ‘उपलब्ध नमुन्यांमधून’ निवडायचं. मुद्रितशोधन ‘लेखकाची जबाबदारी’. संपादन हा शब्द चारही पानांत नव्हता. आणि तिसऱ्या पानावर, बारीक टायपात: ‘सदर साहित्यकृतीचे सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील हक्क लेखक प्रकाशकास कायमस्वरूपी हस्तांतरित करीत आहे.’

मी प्रुफं बाजूला सारली आणि दोघांना बसायला सांगितलं.

आयएसबीएनचं आधी सांगितलं, कारण ते सोपं होतं. तो तेरा आकडी क्रमांक आपल्याकडे केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था देते आणि त्याचे पैसे घेत नाही. लेखक स्वतःच पुस्तक काढणार असेल तर त्यालाही तो मिळतो. चार हजार कशाचे, हे त्यांना विचारा म्हटलं. मुलीनं लगेच मोबाइलवर टिपून घेतलं.

हक्कांचं मात्र सावकाश सांगावं लागलं. तुम्ही वहीत लिहिलंत तेव्हाच तो मजकूर तुमचा झाला, नोंदणी केलेली असो की नसो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं तो हक्क तुमच्या हयातीत तुमचा आणि पुढे ६० वर्षं वारसांचा. हस्तांतराच्या करारात मुदत लिहायची राहिली तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, प्रदेश लिहायचा राहिला तर भारतापुरता धरतो. म्हणजे लेखक गाफील राहिला तरी कायदा त्याला थोडं सांभाळून घेतो. इथे ‘कायमस्वरूपी’ लिहून तो आधारच काढून घेतला होता. उद्या कुणाला यावर नाटक करावंसं वाटलं, हिंदीत भाषांतर करावंसं वाटलं, तर ८५ हजार भरलेल्या माणसाला काही विचारायचीही गरज नव्हती. नवीन लेखकानं छापील मराठी पुस्तकाचाच हक्क द्यावा, तोही ठरावीक वर्षांसाठी किंवा ठरावीक आवृत्तीपुरता. बाकीचं आपल्याकडे ठेवावं. प्रामाणिक प्रकाशक याला नाही म्हणत नाही.

‘पण हॉल बुक केलाय हो,’ ते म्हणाले. ‘जानेवारीत प्रकाशन आहे. सगळ्या भावकीला सांगून झालंय.’

खरी अडचण ती होती. पैसे जातील याची त्यांना फारशी चिंता नव्हती. ग्रॅच्युइटीतले बाजूला काढून ठेवले होते. शब्द दिला होता, आणि वय होत चाललं होतं. मला त्यांना घाईघाईत परत पाठवणं जमेना. म्हटलं, तुम्ही दोघं गोखले रोडला चहा घेऊन या, तोवर मला हस्तलिखित वाचू द्या. लेखक समोर बसलेला असताना वाचन होत नाही. तो आपल्या चेहऱ्याकडे बघत राहतो.

३१२ पानं होती. युनिकोडमध्ये होती हे त्या मुलीचे उपकार. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार एकीकडे, वेलांटी दुसरीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. ती जुळवण्यातच आमचे दिवस जातात.

पहिल्या ४८ पानांत आगरी समाजाचा इतिहास होता. मग पोर्तुगीज, मग इंग्रजांचा मिठावरचा कर, मग नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची १९७०ची स्थापना, ९५ गावांच्या जमिनी ताब्यात घेणं. चूक असं काही नव्हतं, पण हे सगळं कोणत्याही ग्रंथालयात बसून कुणालाही लिहिता आलं असतं. एकोणपन्नासाव्या पानावर पावसाळा संपतो, आणि आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन मिठाच्या आगरात उतरते. पावसानं भुसभुशीत झालेली वाफ्यांची जमीन बायका रांगेनं पायांनी तुडवून घट्ट करतायत. पोराचा पाय चिखलात रुततो, तो ओरडतो, आणि आई लय तुटू नये म्हणून न थांबता त्याला बखोटीला धरून उचलते आणि तुडवत राहते. मी पुढची ३० पानं सलग वाचली. फोन वाजत होता, घेतला नाही.

ते चहा पिऊन आले तेव्हा मी तेच पान उघडं ठेवलं होतं. पुढे एका ठिकाणी आई पाण्यात बोट बुडवून म्हणते, ‘पाणी अजून तापलेले नाही, तू पाय घालू नकोस.’ मी विचारलं, दादा, आई असं बोलायची?

ते हसले. ‘नाय हो. आय म्हनायची, पानी आजून तापला नाय, पाय नको घालू.’

मग तेच का लिहिलं नाही?

‘पुस्तकात कसं चालेल?’

चालतं. शाळेनं आपल्या मनात पुस्तकाची एक भाषा बसवलेली असते, आणि लिहायला बसलं की ती आधी घरच्या माणसांना गप्प करते. निवेदन तुम्ही प्रमाण मराठीत ठेवा, शुद्धलेखन आम्ही बघू, पण आईला तिच्या तोंडचं बोलू द्या. त्याच्याखाली त्यांनी एक परिच्छेद लिहिला होता: आईची माया, तिचे कष्ट, ते ऋण. मी पेन्सिलीनं त्यावर रेघ मारली. न थांबता पोराला उचलून तुडवत राहणारी बाई वाचकानं पाहिलेली आहे. तिच्या मायेबद्दल त्याला आता वेगळं पटवून द्यायला नको.

पहिल्या ४८ पानांवरून मात्र आमचं बरंच चाललं. छपाईत सोळा पानं एकत्र छापतात, तो एक फॉर्म. तुमची टाइप केलेली पानं आणि पुस्तकाची पानं सारखी नसतात, पण ढोबळ धरलं तरी हे तीन फॉर्म जातात, म्हटलं. ‘इतिहास कळल्याशिवाय गोष्ट कळणार कशी?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. लिहायला बसताना त्यांना त्या पानांची गरज होती, त्यांच्यावर चढूनच ते आगरापर्यंत पोचले. वाचकाला ती चढण नको. मी विचारलं, जमीन जाणार हे तुमच्या घरात कळलं कसं?

ते थोडा वेळ गप्प बसले. ‘नोटीस आली. बापसाला वाचता येत नव्हती. कुणाला दाखवली तर खरी होईल म्हणून त्यानं ती तांदळाच्या कणगीत खाली ठेवली. कणगी रिकामी झाली तेव्हा आयला सापडली.’

हे कुठल्या पानावर आहे?

‘हे नाही लिहिलं. हे घरातलं आहे, यात काय लिहायचं?’

मुलगी वडिलांकडे बघत राहिली. तिनं सगळ्या वह्या टाइप केल्या होत्या आणि हे तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

मी तेव्हा त्यांना जे कळवळून सांगितलं ते इथेही सांगते. पैसे भरून पुस्तक छापून घेण्यात कमीपणा काहीच नाही. चांगला संपादक आणि मुद्रितशोधक स्वतः शोधून, छापखान्यात उभं राहून कितीतरी लेखकांनी आपली पुस्तकं नेटकी काढली आहेत. पण त्या चार पानांतल्या ८५ हजारांत हा कणगीचा प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. ३१२ पानं आहेत तशी छापून, ५०० प्रतींचे खोके घरी आले असते. विक्रीबद्दल करारात ‘प्रयत्न केला जाईल’ एवढंच होतं; दुकानदार आणि वितरक अनोळखी पुस्तकाला हात लावायला तयार नसतात, आणि लावला तरी किमतीतला मोठा वाटा घेतात. प्रकाशनाला आलेल्यांनी शंभरेक घेतली असती. आणि जे पुस्तक व्हायला हवं होतं ते कायमचं राहून गेलं असतं, कारण छापून झालेलं हस्तलिखित पुन्हा लिहायला कुणी बसत नाही.

‘तुम्ही छापाल का?’ त्यांनी सरळ विचारलं. आत्ता सांगू शकत नाही, असं मीही सरळच सांगितलं. आगर तुडवण्याचा भाग कथेसारखा सुटा करा आणि पुढच्या वर्षी मेच्या आत दोन-तीन दिवाळी अंकांकडे पाठवा. १९०९च्या ‘मनोरंजन’ मासिकाच्या दिवाळी अंकापासून आपल्याकडे नवा लेखक वाचकांपर्यंत पोचायची ती वाट आहे, आणि अंकात छापून आलेली कथा घेऊन प्रकाशकाकडे गेलं की तो आधी दोन पानं तरी वाचतो. प्रकाशकाला सबंध गठ्ठा पाठवू नका. दोन पानी सारांश, पहिली तीन प्रकरणं आणि तुम्ही कोण हे चार ओळींत. उत्तराला महिने लागतात. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिचीही माहिती काढा. मुलगी लिहून घेत होती. वडील कराराकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. सही केली नव्हती. आगाऊ भरलेले दहा हजार परत मिळणार नाहीत असं समोरून सांगण्यात आलं, त्याबद्दल ती लेखी पत्र पाठवणार होती. आणि हॉलचं बुकिंग? ‘तिथं माझ्या भावाचा साखरपुडा करतोय,’ ती म्हणाली.

फेब्रुवारीत दुसऱ्या खर्ड्याची पहिली साठ पानं आली. इतिहासाची पानं गेली आहेत. नोटीस कणगीत आहे आणि आई तिच्या भाषेत बोलते. पण नोटीस सापडल्यानंतर बापूस जो घराबाहेर पडतो तो तीन प्रकरणं दिसतच नाही. तो त्या दिवसांत कुठे होता हे विचारायला मी उद्या त्यांना फोन करणार आहे.