सात मायक्रॉन

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शॉपमधून गेलेल्या १८० पिना गिऱ्हाइकानं परत पाठवल्या. व्यास ३० मिलिमीटर, एच६, म्हणजे २९.९८७ ते ३०.००० च्या आत हव्यात. शेरा एवढाच, की गो रिंगमध्ये, म्हणजे वरची हद्द तपासायच्या कड्यात, जात नाहीत.

क्यूसी, म्हणजे माल तपासणं, माझ्याकडं. डिजिटल मायक्रोमीटर काढून एक पिन दहादा मोजली. २९.९९५, २९.९९५, एकदा २९.९९४, परत २९.९९५. पाठ केल्यासारखं एकच माप येतंय, मग चूक आमची कशी? खापर उन्हावर फोडलं. एप्रिलची दुपार, वर पत्रा. पण पोलाद उन्हानं फुगतं. गिऱ्हाइकाच्या २० अंशांच्या खोलीत पिना उलट बारीक भरायला हव्या होत्या. फोनवर हे समजावता समजावताच माझ्या लक्षात आलं, नि मी फोन आवरता घेतला.

ग्राइंडरवर पिरनवाडीचे मामा. त्यांचा मायक्रोमीटर जुना, रेघांचा. लघुत्तम माप ०.०१. माझा ०.००१ दाखवतो.

"तवाच म्हटलो की रे, तीस भरून वर जायलंय म्हणून. ऐकलास काय?"

ऐकलं होतं. पण ज्याला तिसरा दशांश दिसतच नाही, त्यानं मला शिकवावं?

शेवटी ३० ची स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाची ठोकळी, पुसून जबड्यात धरली. २९.९९३. पाच वेळा धरली, पाचही वेळा २९.९९३. म्हणजे पिन खरी ३०.००२.

मायक्रोमीटर २५ ते ५० चा, त्याचा आरंभ २५ च्या सेटिंग रॉडवर लावायचा. रॉड डबीतून काढला. टोकावर वाळलेल्या कूलंटचा पिवळट पापुद्रा, नखानं खरवडल्यावर निघाला. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा असेल. जबड्यात अंतर २५.००७, आणि मी बटण दाबून त्याला २५.००० म्हणायला लावलेलं. तेव्हापासून तो प्रत्येक मापातून इमानानं सात मायक्रॉन, म्हणजे ०.००७ मिलिमीटर, कापत होता. कधीपासून, हे रजिस्टरात बघायचा धीर झाला नाही.

नशीब, पिना जाडच निघाल्या होत्या. बारीक असत्या तर थेट भंगारात. रॉड पुसून नव्याने सेट केला, स्लिप ३०.००० आली, आणि रात्रपाळीला पिना परत ग्राइंडरवर चढल्या. मामांनी हात पुढं केला नि माझाच डिजिटल मागितला.

"तुमचा कुठं गेला?"

"हाय की. चष्मा घरात राहिलाय."